तिसऱ्या रिळाचं शेपूट

१

डबा हातात येताक्षणी एबेला कळलं की तो रिकामा आहे. तीस वर्षं फिल्मचे डबे उचललेल्या हाताला ते सांगावं लागत नाही. तरी तिने झाकण उघडून दाखवलं, कारण समोर तिघं जण माना लांब करून उभे होते.

डब्यात काहीच नव्हतं. झाकणावरच्या पिवळ्या पट्टीवर डॉन आनिबालच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं तेवढं शिल्लक होतं: 'पूर, रीळ तिसरं'.

"असं कसं होईल?" म्हणत निबियाने डबा हिसकावून घेतला, उलटा केला, हलवला. त्यातून थोडी धूळ पडली.

पुएर्तो उंबूत 'पूर' म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी नदी गावात शिरली तो दिवस, आणि दुसरी म्हणजे गावचा औषधवाला डॉन आनिबाल एचेनिके याने आपल्या चावीच्या कॅमेऱ्याने काढलेली त्या दिवसाची फिल्म. तिची तीन छोटी रिळं आहेत. पहिल्यात पाणी चढतं, दुसऱ्यात गाव पळतं, आणि जेमतेम तीन मिनिटांच्या तिसऱ्या रिळात छपरावर अडकलेली माणसं आणि त्यांना वाचवणारी नाव दिसते. राजधानीतल्या हौशी लोकांच्या स्पर्धेत या तिसऱ्या रिळाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. दर वर्षी पुराच्या तारखेला सारं गाव उनियोन टॉकीजमध्ये जमून ते बघतं, ठरल्या जागी रडतं आणि उभं राहून टाळ्या वाजवतं.

येत्या रविवारी टॉकीजला डॉन आनिबालचं नाव द्यायचं होतं. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याची मुलगी निबिया टॉकीजच्या मंडळाची अध्यक्ष. तिनेच एबेला राजधानीहून, मोन्तेविदेओहून बोलावून घेतलं होतं, की बाई, ये, तिन्ही रिळं पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत तपास आणि जुने जोड सांधून दे. एबे गुरुवारी संध्याकाळी आली. शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं ते असं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" निबियाने विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडे," एल्बिओ म्हणाला.

एल्बिओ कार्दोसो पन्नास वर्षं इथे प्रोजेक्टर चालवत होता. बायको गेल्यापासून प्रोजेक्टरच्या खोलीला लागून असलेल्या खोपटात राहायचा. त्याची खाट, त्याचा रेडिओ, त्याच्या जिरेनियमच्या कुंड्या, सगळं तिथेच होतं.

"आणि दुसऱ्या कुणाकडे?"

"माझ्याकडेच."

"मग रिळाला काय पाय फुटले?" हे विचारलं दार्दो मिएरेसने. त्याचं चौकात व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं आणि जिथे काही बिनसलं असेल तिथे तो पहिला हजर असायचा. निबियाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"डॉन एल्बिओ," ती म्हणाली, "लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून फिरवलंय, म्हणून मी पोलिसांत जात नाही. पण रविवारी दुपारी बारापर्यंत रीळ मिळालं नाही, तर मंडळाला किल्ल्या द्या. कपाटाची आणि खोलीचीही."

ती खाडखाड जिना उतरून गेली. मागोमाग दार्दोही गेला. एल्बिओ भिंगावरची नसलेली धूळ फडक्याने पुसत राहिला.

"मी शोधून काढते," एबे म्हणाली.

"नको शोधूस, पोरी."

"का?"

"पासांदूला माझी भाची असते. जाईन तिच्याकडे."

या भाचीचं नाव निघालं की एरवी एल्बिओ विषय बदलायचा. म्हणजे म्हातारा कुणाला तरी पाठीशी घालत होता. रीळ कुणी नेलं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यासाठी तो घर सोडायला तयार होता.

२

एबे लारान्यागा आता बावन्न वर्षांची होती. ब्वेनोस आयरेसच्या स्टुडिओंत तिने कंटिन्युइटी सांभाळली होती. आदल्या दृश्यात कप डाव्या हातात होता की उजव्या, कॉलरचं बटण लागलेलं होतं की उघडं, हे लिहून ठेवायचं काम. नट वैतागायचे, दिग्दर्शक दचकायचे, पण तिची वही चुकली असं कधी झालं नाही.

ही नजर तिला दिली एल्बिओने. तिची आई मांसाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायची आणि नऊ वर्षांची एबे टॉकीजच्या पायरीवर बसून असायची. एकदा एल्बिओने तिला वर बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि भिंतीतल्या चौकोनातून पडदा दाखवला. पडद्यावर एक चोर तिजोरी उघडत होता.

"पोलीस येतोय," एल्बिओ कुजबुजला होता. "काय वाटतं तुला?"

"येऊ नये."

"का? चोर आहे ना तो?"

तिला सांगता येईना.

"कॅमेरा चोराच्या खांद्यामागे उभा आहे, म्हणून. त्याच्या बाजूला उभं केलं की सगळं टॉकीज चोर होतं. पडद्यावर काय दिसतं ते सगळेच बघतात, पोरी. तू कुठून दिसतं ते बघ."

त्या एका वाक्यावर तिचं आयुष्य उभं राहिलं. त्याचे आभार मानायचं तिने कितीदा ठरवलं होतं. पत्रं लिहायला घ्यायची, आणि 'प्रिय डॉन एल्बिओ'च्या पुढे शब्द खोटे वाटायचे. आता आभार मानायची वेळ आली होती, आणि हातात होते दोन दिवस.

पूर संपल्यावर, बक्षीस मिळून ही फिल्म गावात पहिल्यांदा दाखवली, तेव्हाही बारा वर्षांची एबे त्याच स्टुलावर होती. त्या आठवणीत एक बारीकशी गोष्ट अडकून राहिली होती. तिसऱ्या रिळात शेवटी नाव छपराला टेकते. तिथे एल्बिओने भिंगापुढे तळवा धरला, खाली दिवे लागले, टाळ्या सुरू झाल्या. पण प्रोजेक्टर चालूच होता.

"अजून फिरतंय की," छोटी एबे म्हणाली होती.

"रिकामं शेपूट आहे. नुसता पांढरा उजेड."

तिला मात्र त्याच्या तळव्यावर उजेडात काहीतरी काळं थरथरताना दिसलं होतं. हातावरच्या रेषा असतील, असं तेव्हा तिने मानलं.

दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना दार्दो दुकानात जागा होता. एबेला बघून त्याने दोन्ही हात वर केले.

"मीच पहिला संशयित, नाही का? रीळ मला हवं होतं, कबूल. कॅसेट काढल्या असत्या, घरोघर खपल्या असत्या. पण चोरून करू काय? जो कॅसेट घेईल तोच विचारेल, कुठून आणलीस रे."

"तिसऱ्या रिळात काय दिसतं, सांग."

"काय दिसतं म्हणजे? नाव येते, छपरावरच्या माणसांना वाचवते. शेंबडं पोरही सांगेल."

"आणि डॉन आनिबाल कुठे उभे होते?"

"देवळात, घंटेपाशी चढून बसले होते. माझा बाप सांगायचा. म्हणून तर नाव वरून दिसते."

"मग मधेच छपरावरची रामोना किंताना माटेचा तुंबा सरळ कॅमेऱ्यापुढे धरते, प्यायला. तो घंटेपाशी पोचला कसा?"

दार्दोने डोकं खाजवलं. "हात लांब असेल बाईचा," तो म्हणाला.

३

निबियाने चहा केला. पुएर्तो उंबूत पाहुण्याला चहा देणारं हे एकच घर.

"आमच्याकडे माटे नाही, माहीतच आहे तुला," ती म्हणाली. "बाबांना अल्सर होता. कडू पाला पोटात गेला की दोन दिवस आडवे. गावात कपबशी घेऊन फिरणारा एकच पुरुष. लोक त्यांना 'इंग्लिश' म्हणून चिडवायचे."

"एक घोटही घ्यायचे नाहीत?"

"माझ्या लग्नातसुद्धा घेतला नाही. व्याही रुसले होते."

एबेने तिलाही तेच विचारलं, की डॉन आनिबाल कुठे उभे होते.

"दुसऱ्या नावेत," निबिया पटकन म्हणाली. "पहिली नाव माणसं काढत होती, बाबा मागच्या नावेतून फिल्म घेत होते. मी चार वर्षांची होते तेव्हा. मला फक्त इतकं आठवतं की आईच्या मांडीवर परकं बाळ होतं आणि मला भयंकर राग आला होता."

"कुणाचं बाळ?"

"सुल्माची ग्लादिस. तिकीट खिडकीवरची सुल्मा नाही का, तिची. घसा धरला होता पोरीचा, श्वास घेता येत नव्हता. बाबांनी आणली, औषध दिलं. पुढे सुल्माच तापाने पडली, म्हणून तीन आठवडे पोर आमच्याचकडे. आता स्वतः दोन लेकरांची आई आहे ती."

निबियाने चमचा बशीत ठेवला. तिचा आवाज उतरला.

"तू म्हणशील, एका रिळासाठी मी म्हाताऱ्याला घराबाहेर काढते. पण बघ ना, एबे. माझ्या बापाने जन्मभर काउंटरमागे उभं राहून खोकल्याची बाटली दिली. एकच गोष्ट त्याने अशी केली की गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. तीच गेली तर पाटीवर त्याचं नाव लावून काय करू मी?"

दार्दोच्या मते डॉन आनिबाल देवळात होते, निबियाच्या मते नावेत. चाळीस वर्षं सगळ्या गावाने एकच फिल्म पाहिली, आणि ती काढणारा माणूस कुठे उभा होता यावर दोन माणसांचं एकमत होईना. जे तिला आता दिसू लागलं होतं ते खरं असेल, तर एल्बिओचं घर वाचवताना निबियाचा बाप हातचा जाणार होता.

४

शनिवारी सकाळपासून भुरभुर लागली. इथे भुरभुर लागली की घरोघर कढया चढतात. सुल्मा पेरेइराने तिकीट खिडकीमागच्या शेगडीवर तोर्ता तळायला घेतल्या होत्या. पिठाचे चपटे गोल, मधे एक भोक. एकसष्ट वर्षांची ठेंगणी बाई; गाव तिला मानाने 'दोन्या' म्हणायचं. तिकिटं तीच फाडायची, झाडू तीच मारायची, गुरुवारी एल्बिओकडून किल्ली घेऊन वरच्या कपाटात फडकंही तीच फिरवायची.

"बस पोरी. वाळलीस किती. राजधानीत खायला घालत नाहीत का?"

एबे बसली. तोर्ता गरम होती. मागच्या फळीवर कागद, साखर, आणि पेरूच्या वडीसारख्या घट्ट मेंब्रियोच्या मुरंब्याचे दोन चपटे गोल डबे होते. सुल्माने किटली उचलली, तुंब्यातल्या पाल्यावर गरम पाणी ओतलं, पहिला माटे स्वतः ओढून संपवला, पुन्हा ओतला आणि एबेपुढे धरला.

"दोन्या सुल्मा, तिसऱ्या रिळात काय दिसतं हो?"

सुल्माने झारा कढईवर टेकवला. "नाव जाते," ती म्हणाली. "आधी पाठी दिसतात, तिघांच्या. मग टोप्या. लहान लहान होत जाते, मग नुसता ठिपका. मग तोही नाही. मग रामोनाबाईचा माटे. मग सकाळ."

"आणि नाव परत येते."

"येते म्हणतात. मी कुठली बघायला? तेवढ्यात दारं उघडायची असतात."

"म्हणजे तुम्ही शेवट कधी पाहिलाच नाही?"

"कामं असतात, पोरी."

"त्या दिवशी नावा दोन होत्या ना?"

"दोन कुठल्या? एकच धड राहिली होती. बाकीच्या वाहून गेल्या."

"आणि छपरावर तुम्ही किती जण होतात?"

"चार. किंताना म्हातारा, रामोनाबाई, वाल्तेर गवंडी, आणि मी."

एबेने नळीतून शेवटचा घोट ओढला. तुंबा खुळखुळला. तिने तो परत दिला. सुल्माने सवयीने किटली उचलली, पुन्हा पाणी ओतलं आणि आपल्या ओठांशी नेला.

एबे त्या किटलीकडे बघत राहिली. मग अर्धी तोर्ता बशीत टाकून ती उठली आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

५

"डॉन एल्बिओ, तुम्ही बोलू नका. मी बोलते."

एल्बिओ खाटेवर बसून कुंड्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. त्याने मान हलवली.

"रामोनाबाई तुंबा भरते आणि कॅमेऱ्याकडे धरते. तुंबा चौकटीबाहेर जातो आणि परत येतो. मग ती किटली उचलून पुन्हा पाणी ओतते आणि तो वाल्तेरला देते. कॅमेऱ्यामागच्या माणसाने नको म्हटलं असतं, तर भरलेला तुंबा तसाच वाल्तेरकडे गेला असता. ती पुन्हा ओतते, म्हणजे आधीचा कुणीतरी प्यायलं. डॉन आनिबाल माटेला शिवत नव्हते."

एल्बिओने कुंडी खाली ठेवली.

"देवळात नाही, दुसऱ्या नावेत नाही. कॅमेरा छपरावर, त्या चौघांच्या बैठकीत होता. बरं, छपरावर माणसं चार. चित्रात किती? म्हातारा, रामोनाबाई, वाल्तेर. तीन. पडद्यावर कोण आहे ते आपण सगळे मोजत आलो. कोण नाही ते कुणी मोजलंच नाही."

"हं," एल्बिओ म्हणाला.

"सगळं गाव सांगतं, नाव येते. एकटी सुल्मा सांगते, नाव जाते. छपरावर बसलेल्या माणसालाच ती जाताना दिसली. आणि नावेत पाठमोऱ्या तिघांत एक डॉन आनिबाल आहेत. राहिला तुमचा तळवा. कोऱ्या फिल्मचा उजेड हातावर कोराच पडतो. तुमच्या तळव्यावर काळं हलत होतं. त्या शेपटावर काहीतरी लिहिलेलं आहे, आणि ते कुणी बघू नये म्हणून तुम्ही चाळीस वर्षं हात आडवा घालताय. मी शेवटच्या चौकटीपर्यंत तपासणार हे कळलं, आणि रीळ गेलं. माझ्यामुळे गेलं."

एल्बिओने हातातल्या वर्तमानपत्राची घडी केली.

"दाखवणार नाही असा मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "बोलणार नाही असाही. ऐकणार नाही असा नाही दिलेला."

तेवढ्यात दारात बशी वाजली. एबेने टाकलेली तोर्ता घेऊन सुल्मा वर आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची नजर गुंडाळलेल्या कुंड्यांवर होती.

"हे काय?"

"उद्या बारापर्यंत किल्ल्या द्यायच्यात," एबे म्हणाली. "कपाटाची आणि खोलीचीही. रीळ हरवलं म्हणून."

"मला म्हणालास, भाचीने हौसेने बोलावलंय," सुल्मा एल्बिओला म्हणाली. "म्हणालास, इथला जिना चढवत नाही आता."

"नाहीच चढवत."

"खोटारडा."

ती खाली गेली आणि मुरंब्याचा एक डबा घेऊन आली. झाकण काढलं. आत पांढऱ्या फडक्यात रीळ होतं. ते एबेच्या हातात देऊन ती खाटेच्या कडेला बसली.

"सोमवारी तू गेलीस की परत ठेवणार होते," ती म्हणाली. "एल्बिओवर येईल असं वाटलं नव्हतं गं. कपाटात रीळ नसलं तर फार तर दोनच दाखवतील, असं वाटलं."

आणि मग तिने सांगितलं. पाणी छपराच्या पन्हळीला लागलं होतं. कडेवरची चार महिन्यांची ग्लादिस निळी पडत होती. नाव आली ती आधीच काठोकाठ भरलेली, दोन गरोदर बायका, एक लकवा झालेला म्हातारा, वल्ही मारायला तिघं. डॉन आनिबाल म्हणाला, पोरीला द्या, घरी औषध आहे, उद्या सकाळी तुम्हाला न्यायला येतो. सुल्मा पोर सोडेना. कोण कुठला औषधवाला, आणि पाणी तर असं चढतंय.

"तेव्हा त्याने गळ्यातला कॅमेरा काढला. अख्ख्या गावाला माहीत होतं, त्या कॅमेऱ्यावर तो बायकोलाही धूळ पुसू द्यायचा नाही. मला म्हणाला, तुझी पोर माझ्याकडे, माझा कॅमेरा तुझ्याकडे. ही चावी पिळायची, ही कळ दाबायची. आणि थोडी फिल्म शिल्लक ठेव, सुल्मा. मी परत येईन तेव्हा लागेल."

"म्हणून तुम्ही नावेवर कॅमेरा धरलात."

"मला फिल्मबिल्म कळत नव्हती. त्या काचेतून पोर जवळ दिसेल असं वाटलं. ठिपका होईस्तोवर कळ सोडली नाही. सकाळी नाव आली तेव्हा कळ दाबली खरी, पण डोळ्यांत पाणी, दिसलं काहीच नाही."

एबेला बारा वर्षांची असताना पाहिलेली ती पाठमोरी माणसं आठवली. सगळ्या गावाला ती वाचवणारी माणसं वाटत आली होती, आणि इकडे एक आई आपलं लेकरू नाहीसं होताना बघत होती.

"बक्षीस मिळालं तेव्हा मी तापात होते," सुल्मा पुढे म्हणाली. "उठले तेव्हा त्याने माझ्या नावाची पाटी लिहून, तिची फिल्म काढून रिळाच्या शेपटाला जोडलेली. मी हातापाया पडले. म्हटलं, तुम्ही माझी पोर आणलीत, लोक तुमच्यासाठी टाळ्या वाजवतायत, त्यात माझं नाव कशाला? एल्बिओकडूनही शब्द घेतला. डॉन आनिबाल चिडला. म्हणाला, दाखवू नका, पण पाटी कापायची नाही. कधीतरी कुणीतरी रीळ शेवटपर्यंत चालवेल."

"मग चालवू या ना," एबे म्हणाली.

"टॉकीजला त्याची पाटी लागायच्या दिवशी?"

एबे तिच्याजवळ जाऊन बसली. "दोन्या सुल्मा, तुम्ही त्यांचे आभार मानलेत. चाळीस वर्षं, रोज, तोंड बंद ठेवून. त्यांनाही तुमचे मानायचे होते. तुम्ही कधी मानूच दिले नाहीत."

सुल्माने दोन्ही हात अ‍ॅप्रनला पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिली.

६

रविवारी पावणेबाराला एबेने निबियाच्या हातात रीळ ठेवलं.

"कुठे होतं?"

"संध्याकाळी पडदाच सांगेल."

"मग तोवर किल्ल्या माझ्याकडे," निबिया म्हणाली. एल्बिओने किल्ल्या काढून दिल्या आणि संध्याकाळी तिच्याच परवानगीने प्रोजेक्टरपाशी गेला.

टॉकीज भरलं होतं. नव्या पाटीवरचा पडदा निबियाने ओढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरं रीळ लावण्याआधी एबे पुढे आली.

"हे रीळ तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली. "आज बघताना फक्त एक विचार करा. आपण कुठे बसलोय?"

दिवे गेले. नाव निघाली. पाठी, टोप्या, ठिपका. रामोनाबाईने तुंबा पुढे केला, परत घेतला, किटली उचलली. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "अरे" म्हणालं. सकाळ झाली. ठिपका आला, वाढला, नाव छपराला टेकली. लोक सवयीने उभे राहू लागले, पण दिवे लागले नाहीत. वर प्रोजेक्टरपाशी एल्बिओने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

पडद्यावर पाटी आली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी तिरकी अक्षरं:

'हे रीळ छपरावरून सुल्मा पेरेइराने पाहिलं. मी फक्त वल्हं मारत होतो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, त्याबद्दल मी जन्मभर तिचा आभारी आहे. आ. ए.'

दिवे लागले तरी कुणी टाळी वाजवली नाही. निबिया पहिल्या रांगेत उभी होती. बापाचं अक्षर तिने डोळे मिटून ओळखलं असतं. एबेला धाकधूक होती. निबिया वळली, मधल्या वाटेने सरळ दारापाशी गेली. तिथे सुल्मा अ‍ॅप्रनमध्ये उभी होती, दारं उघडायची विसरून.

"नावेत होता तो," निबिया म्हणाली. "दोन्या सुल्मा, माझा बाप वाचवणाऱ्या नावेत होता, आणि मी जन्मभर त्याला मागच्या नावेत उभं केलं."

तिने सुल्माला मिठी मारली. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या कुणासाठी होत्या हे कुणी ठरवलं नाही, आणि लवकर थांबल्याही नाहीत.

किल्ल्या निबियानेच वर आणून दिल्या. "डॉन एल्बिओ, मला माफ करा," ती म्हणाली. "आणि त्या कुंड्या सोडा आता, गुदमरतील बिचाऱ्या."

लोक पांगल्यावर एल्बिओ रीळ उलटं गुंडाळायला बसला. एबे जुन्या स्टुलावर टेकली होती. आभार मानायचे होतेच. "डॉन एल्बिओ," तिने सुरुवात केली.

"कळलं," तो म्हणाला. "शुक्रवारीच कळलं, नको म्हटलं तरी ऐकलं नाहीस तेव्हा."

खालून हाक आली. रिकाम्या टॉकीजमध्ये सुल्मा पहिल्या रांगेत, डॉन आनिबाल बसायचा त्या खुर्चीवर बसली होती.

"एल्बिओ, पुन्हा लाव रे. मघाशी दाराशी होते, नीट दिसलं नाही."

त्याने पुन्हा लावलं. नाव गेली, ठिपका झाला. तुंबा फिरला. सकाळ झाली. मग लांब पाण्यावर पुन्हा ठिपका दिसला आणि हळूहळू त्याच्या टोप्या झाल्या, टोप्यांखाली सावलीत बुडालेले, न ओळखू येणारे चेहरे झाले. पुढच्या टोकाला वल्हं सोडून उभा असलेला माणूस डॉन आनिबाल होता हे आता कळत होतं, आणि तो छपराकडे बघून दोन्ही हातांनी खूण करत होता, पोर झोपलीय, बरी आहे.

पाटी येऊन गेली, शेपूट संपलं, पडदा पांढरा झाला. सुल्मा बसूनच होती.

"चाळीस वर्षं मला ती नाव जातानाच दिसत होती," ती म्हणाली. "आज येताना दिसली."

एल्बिओने दिवा मालवला आणि रीळ त्याच्या डब्यात ठेवलं.